पाऊस लागलेला आंबा

केळशी,
८ मे १९९९

उमैमास, झुबेदा फुफीची दुआ.

तुझं पत्र पोचलं. दोन पानं सासरच्या माणसांची तारीफ आणि सगळ्यात शेवटी अर्धी ओळ, 'उकाडा फार आहे.' लग्नाला पाच महिने झालेल्या मुलींची पत्रं अशीच असतात. खरं काय ते शेवटच्या अर्ध्या ओळीत शोधायचं. किती उकाडा, गो? अंगणात पापड भाजले जातील इतका, की नुसता माणूस भाजेल इतका?

तुझा बाप, माझा शहाणा भाऊ, आणि तुझे सासरे मुश्ताकमियां दोहाला एका खोलीत अकरा वर्षं राहिले आणि खोली सोडायच्या आधी मुलांची लग्नं ठरवून मोकळे झाले. केळशी ते लखनौ किती लांब, हे दोघांनी विमानातून पाहिलं असणार. तिथून सगळंच जवळ दिसतं. असो. तुझ्या सासऱ्यांनी घरामागची चाळीस आंब्याची झाडं मुंहदिखाईची भेट म्हणून तुझ्या नावाने सोडली, त्यांच्या उतरणीचा शब्द तुझा, हे वाचून मात्र मी दोन दिवस ताठ मानेने फिरते आहे. सोनं कोणीही घालतं. सुनेला झाडं देणारा माणूस जाणता असला पाहिजे. 'कोकणची मुलगी आहे, तिला आंबा कळतो,' असं ते चारचौघांत म्हणाले ना? मग आता तुला आंबा कळायलाच हवा. दशहरी म्हणजे बोटाएवढा लांबट असतो म्हणतात. चालेल. आंब्याचं नाव लावतोय तर आपल्यातलाच.

आमची उतरणी संपत आली. बाबल्या गडी अजून रोज झेल्याची जाळीदार काठी घेऊन झाडावर चढतो आणि वरून मला हवामान सांगतो. मिरगाच्या आत शेवटचं फळ आढीत गेलं पाहिजे. पाऊस लागलेला आंबा केळशीत गुरंसुद्धा विचार करून खातात. वरून सोनं, आत किडे.

तुझी फुफी
झुबेदा

*

१९ मे १९९९

प्रिय फुफी, अस्सलामु अलैकुम.

काल संध्याकाळी इथे जे झालं ते लिहायला बसले आहे. दिवसभर लू होती, म्हणजे भट्टीचं दार उघडं टाकल्यासारखा गरम वारा. चार वाजता तो एकदम थांबला. पानसुद्धा हलेना. सासूबाई वाळत घातलेले कपडे ओढायला लागल्या आणि मला ओरडल्या, "बहू, खाटा आत!" मी म्हटलं, आभाळात ढग तर नाही. त्यांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. फुफी, तिकडे भिंत उभी होती. मातीची, तांबूस पिवळी, जमिनीपासून आभाळापर्यंत, आणि ती चालत येत होती. दहा मिनिटांत दिवसाची रात्र झाली. एक खाट राहिली होती, ती उडाली आणि शेजाऱ्यांच्या म्हशीजवळ जाऊन पडली. मग गडगडाट, मग विजा, मग मोठमोठे थेंब, आणि थोड्या गारासुद्धा. अर्ध्या तासाने सगळं शांत. अशी थंड हवा सुटली की सगळं घर अंगणात येऊन हसायला लागलं. याला आंधी म्हणतात.

सकाळी बागेत गेले तर जमीन हिरवीगार. सगळे कच्चे आंबे! गावातल्या बायका पाट्या भरून नेत होत्या. आंधीने पाडलेलं फळ ज्याचं त्याचं, असा इथला रिवाज. कोणी कोणाला बोलत नाही.

आता माझी अडचण. झाडांवर अजून पुष्कळ फळ आहे, पण ते तयार वाटत नाही. पाऊस तर लागला. आपल्याकडे असतं तर मी पहाटेच बाबल्याला वर चढवलं असतं. इथे कोणी हलत नाही. सासरे रोज सकाळी मला बागेत नेऊन विचारतात, "कहो बेटी, क्या इरादा है?" आणि मी नुसती हसते. त्यांना उलट कसं विचारू? म्हणतील, कोकणची म्हणून कौतुकाने बाग दिली आणि हिला एवढंही ठरवता येत नाही. तुझ्या जावयाला, नबीलला विचारलं, तर तो म्हणतो, "झाडं तुझी, मी हमाल."

टेलिफोन दोन किलोमीटरवर आहे आणि आंधीत त्याच्या तारा पडल्या आहेत. म्हणून पत्र. लवकर कळव, काय करू?

तुझी
उमैमा

*

केळशी,
२७ मे १९९९

उमैमा,

हे पत्र बाबल्याला दापोलीला पिटाळून स्पीड पोस्टाने पाठवते आहे, तेव्हा पाल्हाळ नाही.

दिशा लिहिलीस ते बरं केलंस. डोंगराकडून, पूर्वेकडून गडगडतं तो वळीव. तो दोन संध्याकाळी येतो, भांडतो आणि जातो. त्याला घाबरायचं नाही. पण पश्चिमेकडून भिंतीसारखं चालत आलं म्हणजे खरा पाऊस निघाला. बाप आला, आता मुलं मागोमाग येणार. रेडिओवर सांगतात की मान्सून अजून अंदमानात आहे. रेडिओ कधी झाडावर चढलाय? गेल्या दोन वर्षांत हवामान असं फिरलंय की मोहोर दिवाळीत येतो आणि थंडी शिमग्यात. पावसाने तुमच्याकडूनच सुरुवात करायची ठरवली तर त्याला कोण अडवणार?

पत्र मिळाल्या दिवशी सगळी चाळीस झाडं उतरव. देठासकट. दुसरा पाऊस लागला की संपलं. फळ थोडं कोवळं असलं तरी आढीत पिकतं. गवत जाड घाल, वरून पोतं. गावातलं कोणी हलत नाही म्हणतेस, ते हलणार नाहीतच. त्यांनी किडेवालेच आंबे खाल्ले असतील जन्मभर.

ठाम राहा. सासऱ्यांना दिसू दे, केळशीची मुलगी म्हणजे काय.

झुबेदा

*

१२ जून १९९९

प्रिय फुफी, अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र दोन तारखेला मिळालं. तीन तारखेला आंबे उतरवले. सासरे तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत.

इकडे सर्व ठीक. तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा.

उमैमा

*

केळशी,
२२ जून १९९९

उमैमास, फुफीची दुआ.

पत्र लहान, पण मजकूर मोठा! 'काही बोलले नाहीत' हे वाक्य मी तीनदा वाचलं. बोलतील कसे? तोंडात बोट असताना बोलता येत नाही. दोहाला अकरा वर्षं राहून आलेला माणूसही कधीतरी काही नवं बघतो म्हणायचा.

रशीदच्या फोनच्या खोपटात परवा चार माणसं बसली होती. मी सहज म्हटलं, आमच्या उमैमाने लखनौवाल्यांना आंबा कधी उतरवायचा ते शिकवलं. रशीद म्हणाला, "झुबेदाआपा, आता दिल्लीलाच जा, थेट देशच उतरवून ठेवा." जळतो मेला. त्याची कलमं दर वर्षी पावसात सापडतात.

इथे पाऊस धरून आहे. छपराची शाकारणी वेळेत झाली, पावसाळ्याची आगोट भरली, सुकी मासळी डब्यात. मी पडवीत बसून पुढच्या वर्षाचा विचार करते आहे. तुला दोन झेले पार्सलने पाठवीन. बाबल्यालाच महिनाभर पाठवलं तर कसं? तुमच्याकडच्या माणसांना देठ राखून फळ कसं उतरवायचं ते शिकवील. तो तयार आहे. फक्त विचारतो, तिकडे भात मिळतो का.

आढीतले आंबे कसे निघाले ते सविस्तर लिही. चारचौघांत वाचण्यासारखं लिही.

झुबेदा

*

केळशी,
९ ऑगस्ट १९९९

उमैमा,

दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. रागावलीस, की दिवस गेलेत? दुसरं असेल तर लिही. पहिलं असेल तर आधी लिही.

झुबेदा

*

३० ऑगस्ट १९९९

प्रिय फुफी, अस्सलामु अलैकुम.

दिवस गेलेले नाहीत. रागावलेही नाही. तू बाबल्याचं तिकीट काढशील या भीतीने शेवटी लिहिते आहे.

आढी सातव्या दिवशी उघडली. आंबे पिवळे झाले होते, पण साल म्हाताऱ्या बाईच्या बोटांसारखी सुरकुतलेली. कापला तर आत पांढरट. चव घेतली आणि कानापर्यंत दात आंबले. चाळीसही झाडांचं फळ तसंच. काही लोणच्यात गेलं, बाकी बकऱ्यांना. बकऱ्यांनीही दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं.

फुफी, इथे पश्चिमेला समुद्र नाही. पश्चिमेला राजस्थान आहे. तिकडून येते ती नुसती धूळ आणि तिच्या पाठीवर बसून आलेला अर्ध्या तासाचा पाऊस. मे महिन्यात अशा चार-पाच आंध्या येतात. खरा पाऊस इथे पूर्वेकडून येतो, बंगालकडून. त्या वाऱ्याला पुरवा म्हणतात. तो यंदा वीस जूनला सुटला. आणि ऐक, त्या दिवशी पहिलं पाणी पडल्यावर सगळ्या गावाने बादल्या भरून आंबे भिजत घातले आणि खायला बसले. तोपर्यंत कोणी मनापासून खातच नाही. पाऊस लागल्याशिवाय आंब्यातली गर्मी जात नाही, अंगावर फोड येतात, असं म्हणतात. आपण ज्या दिवशी आंबा सोडतो त्या दिवशी हे धरतात.

मला कोणी का सांगितलं नाही? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ही काय सांगायची गोष्ट आहे?" जे सगळ्यांना माहीत असतं ते सुनेला कोणी सांगत नाही.

सासरे उतरणीच्या दिवशी काठी टेकून उभे होते. नबीलने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "शब्द तिचा आहे." म्हणजे त्यांना पहिल्या फांदीपासून माहीत होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून ते डोळ्यांसमोर झाडं रिकामी होताना बघत राहिले. नंतर एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आता रोज सकाळी एकटेच बागेत जातात. मला नेत नाहीत. चहा घेतात, दुआ देतात, वागण्यात काही कमी नाही. फक्त आता ते मला काही विचारत नाहीत. कोकणची मुलगी, हे शब्द घरात पुन्हा आले नाहीत.

मी सगळ्यांना सांगितलं की ठरवलं मीच. तुझं पत्र पेटीत कपड्यांच्या तळाशी आहे. तू काळजी करू नकोस आणि रशीदमामूला काही सांगू नकोस.

उमैमा

*

केळशी,
२ ऑक्टोबर १९९९

उमैमा,

महिनाभर लिहिलं नाही. तीन पत्रं लिहून चुलीत घातली. पहिल्यात मी तुझ्यावर रागावले होते, दुसऱ्यात मान्सूनवर, तिसऱ्यात तुझ्या बापावर. चौथं सोबत आहे. ते तुझ्या सासऱ्यांना आहे. माझं उर्दू कुराणाच्या अक्षरांपुढे गेलं नाही, म्हणून मराठीतच लिहिलं आहे. तू त्यांना वाचून दाखव आणि अर्थ सांग. काही गाळू नकोस. गाळलंस तर मला कळेल. तू लहानपणापासून गाळताना कान चोळतेस, ते मला इथूनही दिसेल.

आणि माझी चूक तुझ्या पेटीत ठेवायची नाही. माझ्याकडे माझी पेटी आहे.

झुबेदा

(सोबतचं पत्र)

मुश्ताकमियांना केळशीच्या झुबेदाचा सलाम.

तुमच्या चाळीस झाडांचं या वर्षाचं फळ मी वाया घालवलं. उमैमाने मला विचारलं होतं. तिला स्वतःला फळ कोवळं वाटत होतं, तसं तिने लिहिलंही होतं. तिचा डोळा बरोबर होता. मी बाराशे-तेराशे किलोमीटरवरून, झाड न बघता, हुकूम केला. तिने मोठ्या माणसाचं ऐकलं. तिचा एवढाच गुन्हा, आणि तो मीच तिला शिकवला आहे.

मी बावन्न वर्षांची आहे. केळशीच्या बाहेर दापोली आणि दोनदा मुंबई, एवढं जग पाहिलं. आमच्या पश्चिमेला समुद्र आहे, तिकडून पाऊस येतो आणि तो लागला की आंब्यात किडे पडतात. मी धरून चालले की सगळ्यांच्याच पश्चिमेला समुद्र असतो. तुमच्या बाजूला काय आहे ते शाळेत शिकवलं असणार, पण त्या दिवशी मी बहुतेक चिंचा पाडायला गेले होते.

तुम्ही उभे राहिलात आणि शब्द मोडला नाहीत. मी असते तर पहिल्या फांदीला ओरडले असते आणि फळ वाचवलं असतं. कोणाचं बरोबर, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. पण शब्द तिचा आहे असं म्हणालात, तर तो एका वर्षाचा होता की कायमचा, एवढं तिला सांगा. नुसतं गप्प राहू नका. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ मी एकदा लावला आणि गावभर सांगत फिरले.

तेही निस्तरून झालं. काल रशीदच्या खोपटात भरल्या माणसांत गेले. तो म्हणाला, "काय आपा, लखनौचा आंबा कसा निघाला?" मी म्हटलं, "आंबट. मी उतरवायला लावला म्हणून." त्यानंतर तिथे अशी शांतता पसरली की एका माणसाने घाबरून फोन खाली ठेवला.

माफी मागते.

झुबेदा

*

२६ ऑक्टोबर १९९९

प्रिय फुफी, अस्सलामु अलैकुम.

वाचलं. अंगणात, सगळ्यांसमोर. कान चोळला नाही.

चिंचांपाशी सासूबाई इतक्या हसल्या की मला थांबावं लागलं. सासरे हसले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "शेवटचं पुन्हा वाच." मी वाचलं. मग त्यांनी विचारलं, "खरंच तिकडे पाऊस लागलेल्या आंब्यात किडे पडतात?" मी म्हटलं, हो. "सगळ्यांत?" मी म्हटलं, बहुतेक. त्यांनी नवलाने मान हलवली. नंतर म्हणाले, "तुझ्या फुफीला लिही, माफी कसली. बाग आहे, एक वर्ष जातं." आणि मग, "झाडं तुझीच आहेत. दिलेलं परत घ्यायची आमच्यात रीत नाही."

म्हणजे सगळं मिळालं, फुफी. माफी मिळाली, झाडं राहिली. पण सकाळी ते अजून एकटेच जातात. झाडं माझी आहेत, म्हणून नबीलला सांगतात की बहूच्या झाडांना पाणी दे, बहूच्या झाडांची वाळवी बघ. माझी झाडं सांभाळली जातायत, लहान मुलाच्या नावावर जमीन असावी तशी.

तू यात काही करू नकोस. आता पत्राने व्हायचं ते होऊन गेलं.

हिवाळ्यात इथे धुकं असतं. समोरचं माणूस दिसत नाही. तोंड चुकवायची सगळ्यांना तेवढीच सवलत.

उमैमा

*

केळशी,
१४ मे २०००

उमैमास, फुफीची दुआ.

तू तिसऱ्या आंधीचं लिहिलंस आणि खाली काहीच विचारलं नाहीस, हे मी पाहिलं. मीही काही सांगणार नाही. जिभेवर तीन सल्ले आहेत आणि तिन्ही मी गिळले. माझ्या वयात हे फार जड अन्न आहे.

इथे यंदा आंबा कमी. बाबल्या झाडावरून अजून हवामान सांगतो. मी म्हणते, खाली उतर आणि सांग.

झुबेदा

*

७ जून २०००

प्रिय फुफी, अस्सलामु अलैकुम.

काल पाचवी आंधी आली. पाच वाजता लू थांबली तेव्हा आम्ही सगळे बागेतच होतो. यंदा आधीच्या चारांनी बरंच फळ नेलं होतं. नबीलच्या हातात दोरी, सहा माणसं तयार. तो म्हणाला, "निदान खालच्या फांद्या तरी उतरवू. दहा-बारा दिवसांचाच प्रश्न आहे. हातात असेल ते आपलं." त्याने वडिलांकडे पाहिलं. सासरे पश्चिमेच्या भिंतीकडे बघत होते. मला कोणी विचारलं नव्हतं.

तुला विचारायचं म्हटलं तर उत्तर यायला आठ दिवस लागले असते. भिंत दहा मिनिटांवर होती. मी झाडापाशी गेले, एक फळ हातात धरलं. देठाजवळचे खांदे अजून भरले नव्हते. वास नव्हता. मी म्हटलं, "राहू द्या. सगळे घरात चला."

नबील म्हणाला, "सगळं जाईल."

मी म्हटलं, "जाईल ते जाईल. हे आज काढलेलं पिकायचं नाही. मी खाल्लंय."

माणसांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते वळले आणि घराकडे चालू लागले. मग सगळेच पळाले.

ही आंधी आजवरची सगळ्यात वाईट. तासभर चालली. पत्र्यावर गारा वाजत होत्या आणि मी पीठ मळत बसले होते. इतकं मळलं की त्याच्या पोळ्या लाटता येईनात.

सकाळी उजाडताच गेले. तिसरा हिस्सा खाली. एक झाड मुळासकट. बायका पाट्या घेऊन आल्याच होत्या, पण मला बघून थबकल्या. मी म्हटलं, "घ्या, घ्या, रिवाज आहे." मग मीही त्यांच्यात बसून वेचायला लागले. त्याशिवाय काय करणार? वर बघवत नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "बेटी, वर बघ, जो टिकला तो आता गोड होणार. आंधी कच्च्या देठाचं नेते." खरं की माझी समजूत काढायला, माहीत नाही.

परत आले तर दारात ठेकेदाराचा माणूस उभा. गावातल्या सगळ्या बागांची उतरणी तो ठरवतो. सासऱ्यांना म्हणाला, "मियां, बाकीच्यांनी घाबरून आजच काढायचं ठरवलंय. तुमचं कधी? घरामागच्या चाळीस झाडांपासून सुरू करू?"

सासरे खाटेवर बसून दाढी विंचरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "वो मेरी नहीं हैं. आणि माझ्या बाकीच्या बागेचं पण तिलाच विचार."

तो माणूस माझ्याकडे वळला. माझ्या ओच्यात कैऱ्या होत्या, हातभर चिखल होता. सासूबाई चुलीपासून उठून दारात आल्या. नबील हातातली दोरी गुंडाळता गुंडाळता थांबला.

मी म्हटलं, "अभी नहीं. पुरवा चलने दीजिए."

तुझी
उमैमा